लाल टेकडीवरची मुंगीचाल

"बिस्मिल्ला म्हटलंस का?"

"म्हटलं."

"मनात की मोठ्यानं?"

"मुहन्ना, पाण्याचा कॅन नीट धर आणि गप्प चाल बघू!"

नस्रा धाकट्या भावावर खेकसली खरी, पण पुढच्याच पावलाला तिनं हळूच, मोठ्यानं बिस्मिल्ला म्हटलं. न जाणो, राहून गेलं असेल तर! लाल टेकडीची वाळू सकाळच्या थंडीत घट्ट होती, तरी पाण्याचा कॅन चढणीवर जड व्हायचाच. दहा वर्षांचा मुहन्ना एका बाजूनं, बारा वर्षांची नस्रा दुसऱ्या बाजूनं, आणि पंधरा पावलं मागे त्यांचा मस्कतचा चुलतभाऊ मुअतज़. सुट्टीला आल्यापासून रोज तो बूट घालून टेकडी चढायचा आणि रोज माथ्यावर बसून बुटांतली वाळू ओतायचा.

"अरे, अर्धी टेकडी मस्कतला नेणार का?" मुहन्ना ओरडला.

"थांब ना जरा! परवा हबूबा येणारेय, आज नाही!"

हबूबा म्हणजे त्यांची आजी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन झालं होतं आणि गुरुवारी ती घरी येणार होती. जाताना तिनं नस्राचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "पट्टी निघाली की घरात जायच्या आधी मी माझी झाडं बघणार. चार वर्षं नुसती बोटांनी बघितली. रोज एकेक मग पाणी घाल, अल्लाचं नाव घेऊन. घालशील ना?"

"घालीन हबूबा. एकही दिवस चुकवणार नाही."

टेकडीच्या पलीकडच्या कुशीत, वारा लागत नाही अशा जागी, हबूबानं गाफची पाच रोपं लावली होती. गाफ म्हणजे शमीच. वाळूतल्या माणसांची सावली, उंटांचा चारा, सगळं तेच. पाच रोपं, पाच मग. आज सतरावा दिवस होता. नस्रानं एकही चुकवला नव्हता.

ती माथ्यावर पोहोचली आणि तिच्या हातातला कॅन सुटला.

"या अल्ला!"

कॅन गडगडत खाली गेला. पाणी भसाभसा वाळूत जिरलं. कुणीही तो पकडायला धावलं नाही, कारण तिघंही थिजून उभे होते.

पाचांतली दोन रोपं भुईसपाट झाली होती! दोन रुंद चाकोऱ्या माथ्यावरून थेट कुशीत उतरल्या होत्या. एक चाकोरी एका रोपावरून, दुसरी दुसऱ्यावरून.

"उंट आला असेल," मुहन्ना कसाबसा म्हणाला.

"उंटाला टायर असतात का रे?"

"तसं नाही... मी आपलं म्हटलं!"

नस्रा उतारावरून घसरत खाली गेली. पहिलं रोप पुरतं मोडलं होतं. दुसऱ्याजवळ गुडघे टेकले मात्र, ती चमकलीच. "इकडे या! लवकर!"

ते मोडलेलं रोप कुणीतरी परत उभं केलं होतं! शेजारी काठी रोवून, चिंधीनं, अगदी हलक्या हातानं बांधलं होतं.

"म्हणजे गाडी घालणाऱ्यानंच मलमपट्टी केली?" मुअतज़चे डोळे विस्फारले. "हा कसला चोर?"

"वाचू दे मला," नस्रा म्हणाली.

वाळूवरचा माग वाचायला तिला हबूबानंच शिकवलं होतं. नजर अधू झाल्यावर ती नातीला पुढे घालून चालायची आणि दर चार पावलांवर विचारायची, "इथं काय लिहिलंय? वाच." नस्रा वाचायची. चुकली की हबूबा हसायची आणि पुन्हा वाचायला लावायची.

"माग रुंद आहे. टायरमधली हवा सोडलेली आहे. म्हणजे वाळूचा जाणकार. शहरातले लोक भरल्या टायरनं येतात, त्यांचा माग अरुंद असतो आणि शंभर पावलांवर रुततो." मग ती पुन्हा माथ्यावर चढली आणि त्यांच्या पायवाटेपलीकडच्या उभ्या चढणीवर वाकून माग बघू लागली.

"काय झालं?"

"हे होऊच शकत नाही!"

या बाजूनं कुणी चढतच नसे. सगळ्या गाड्या उजवीकडच्या खिंडीतून यायच्या. तळापासून वेग घ्यायचा, धडधडत वर जायचं, माथ्यावर दाणकन आदळायचं. वाळूवर वेग गेला की गाडी बसलीच. पण ही गाडी वेग न घेता चढली होती! टायरची नक्षी भाकरीवरच्या बोटांसारखी स्वच्छ उमटली होती. एकही चाक जागच्या जागी फिरलेलं नव्हतं, कुठे वाळू उधळलेली नव्हती.

"इतका एकसारखा पाय कुणाचाच नसतो," नस्रा म्हणाली. "काकांचासुद्धा नाही. माणसाला जमणारच नाही हे!"

"जिन!" मुहन्नानं तिचा हात घट्ट पकडला.

"जिन कशाला हवा? गाडीला जमतं!" मुअतज़ एकदम फुलला. मुहन्ना त्याला चिडवायचा, हा गाड्या चालवत नाही, वाचतो! गाडीबरोबर येणारी माहितीची पुस्तकं तो गोष्टींसारखी वाचायचा. "नव्या गाड्यांत एक बटण असतं. ते दाबलं की गाडी आपणहून रांगते. कुठलं चाक घसरतंय ते तिला कळतं. त्या चाकाला ती ब्रेकनं धरते आणि जोर दुसऱ्या चाकाला देते. क्षणाक्षणाला, चारी चाकांना वेगवेगळं! माणसानं नुसतं स्टिअरिंग धरायचं."

"मुंगीसारखं?"

"अगदी मुंगीसारखं!"

"मुंगीचाल!" मुहन्नानं नाव ठेवूनही टाकलं. "पण असली नवी गाडी आहे कुणाकडे?"

असली नवी गाडी अख्ख्या वस्तीत एकच होती. खल्फानकाकांची.

"छे! काका तर बटणांवर चिकटपट्टी लावून ठेवतात," मुहन्ना म्हणाला. "बटणं पाहुण्यांसाठी, आपल्यासाठी पाय, असं म्हणतात ना ते!"

खरंच होतं. खल्फानकाका म्हणजे वाळूतले राजे! तीस वर्षं जुनी गाडी नुसत्या पायाच्या अंदाजानं पळवलेली. कुणी रुतलं की लोक त्यांनाच बोलवायचे; तंबूंत उतरणाऱ्या पर्यटक पाहुण्यांना वाळूत गाडी चालवायला तेच शिकवायचे. दोन महिन्यांपूर्वी ती जुनी गाडी थकली आणि नवी आली. शिवाय हबूबाच्या झाडांसाठी पाण्याचं पिंप आणणारेही तेच. ते झाडांवर गाडी घालतील?

नस्रा बांधलेल्या रोपाकडे परत गेली. रोपाच्या बुंध्याशी कालच्या पाण्याची ओल होती. त्या ओलीत एक अनवाणी पाऊल उमटलं होतं. डावं. बाहेरच्या बाजूला वळलेलं.

लहानपणी उंटावरून पडल्यापासून एकाच माणसाचा डावा पाय असा पडायचा. आणि ती चिंधी? काकांच्या डोक्याच्या रुमालाची किनार होती ती!

तिनं झटकन तळवा फिरवून ते पाऊल पुसलं.

"काय पुसलंस?" मुअतज़नं विचारलं.

"काही नाही. सरड्याचा माग होता."

दुसरा कॅन भरून आणून तिनं रोपांच्या मुळाशी मग ओतले, पण दिवसभर ते खोटं तिला काट्यासारखं टोचत राहिलं.

संध्याकाळी नमाजानंतर सगळे चटईवर कहवा प्यायला बसले. नस्राची आई मौज़ा रोपांचं ऐकून लाल झाली.

"त्या शहरी पोरांचंच काम! सुट्टी लागली की येतात गाड्या उधळायला. उद्या संध्याकाळी पाहुण्यांच्या तंबूंवर जाते आणि सांगते, एकाही पोराला या बाजूला फिरकू देऊ नका! काय भाऊजी?"

खल्फानकाका सगळ्यांना कहवा ओतत होते. त्यांच्या हातून आजवर कधी थेंब सांडला नव्हता. आज पेला भरून वाहिला, तरी ते ओततच राहिले.

"काका! हात भाजेल!" मुहन्ना ओरडला.

"अं? हं... हो. बघू या." एवढंच म्हणून काका उठले आणि निघूनही गेले.

नस्रा आ वासून बघत राहिली. काका गप्प बसले! ज्यांनी काही केलंच नाही त्या पोरांवर आळ येतोय, आणि काका गप्प!

रात्री अंथरुणावर तिनं दोघांना सगळं सांगून टाकलं. पुसलेलं पाऊल आणि सरड्याचं खोटंसुद्धा.

"मग आत्ताच मौज़ाकाकूला सांगू या!" मुअतज़ म्हणाला.

"नको. चारचौघांत काकांची मान खाली नाही घालायची. हबूबाला ते चालणार नाही. आपण तिघंच त्यांना पकडू आणि तिघंच विचारू. आईनं तंबूंवर जायच्या आत."

"ते परत येतीलच कशावरून?"

"दुपारी जेवून सगळे झोपतात. काल दुपारी काका कुठे होते, आठवतं कुणाला?"

कुणालाच आठवत नव्हतं.

बुधवारी दुपारी वस्ती सामसूम झाल्यावर तिघंही टेकडीवर पोहोचले. बेत साधा होता. वाळूतल्या गाड्यांना उंच काठीवर झेंडी असते, म्हणजे टेकडीपलीकडून येणाऱ्याला ती दिसते. तशीच एक लांब काठी रोपांपाशी रोवायची, तिला हबूबाची लाल शाल बांधायची. शालीची राखण मुहन्नानं करायची, नस्रानं माथ्यावर थांबायचं, मुअतज़नं खाली झुडपाआड.

"हलायचं नाही हं, मुहन्ना!"

"मी काय लहान आहे?"

अर्धा तास गेला. ऊन तापलं. मग खालून फुस्स आवाज आला. कुणीतरी टायरची हवा सोडत होतं. मुअतज़नं झुडपाआडून हात हलवला. नस्रा चढणीच्या कडेला वाळूत पालथी पडली.

काकांची पांढरी गाडी चढू लागली. वेग नाही, धडधड नाही. कट्-कट्-कट् असा चमत्कारिक आवाज करत, एकेक चाक चाचपत, खरोखर मुंगीसारखी! नस्रा क्षणभर सगळं विसरून बघतच राहिली. गाडीचं तोंड आभाळाकडे होतं. आतून काकांना पुढचं काही म्हणजे काहीच दिसत नसणार. काका तर खाली मान घालून बटणंच न्याहाळत होते!

आता शाल दिसेल आणि थांबतील, म्हणून तिनं मागे वळून पाहिलं.

शाल नव्हती! काठी उघडी होती! आणि खाली रोपांच्या शेजारी, ऊन लागतं म्हणून शाल अंगावर ओढून, मुहन्ना गाढ झोपला होता! गाडीच्या थेट समोर!

"काका! थांबा! थांबा!"

ती हात उंचावून धावत सुटली. काका दचकले. तीस वर्षांची सवय! माथ्याजवळ थांबलं की गाडी रुतते, म्हणून बिचकलं की त्यांचा पाय ब्रेकवर नाही, अॅक्सिलरेटरवरच जायचा. तो गेला. गाडीनं उसळी घेतली, माथ्यावर आली आणि दाणकन पोटावर आदळली. पुढची दोन्ही चाकं हवेत गरगरली. वाळूचा फवारा उडाला तो सरळ मुहन्नाच्या अंगावर.

"पाऊस आला?" मुहन्ना डोळे चोळत उठून बसला. वर पाहतो तो डोक्यावर गाडीचं तोंड! तो किंचाळला, शाल टाकली आणि सशासारखा पळाला.

काका दार उघडून अक्षरशः खाली पडले. धडपडत त्यांनी मुहन्नाला गाठलं, छातीशी धरलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"लागलं का रे? कुठे लागलं का?"

"नाही काका. तोंडात वाळू गेलीय फक्त."

मग जे झालं त्याचा धक्का नस्राला गाडीहून मोठा बसला. वाळूतले राजे खल्फानकाका मटकन खाली बसले आणि तोंड झाकून रडू लागले.

"परवाही मीच होतो," ते म्हणाले. "वाऱ्यानं यंदा माथा सरकलाय. झाडं अजून पुढे आहेत असं वाटलं मला. उतरून बघायला हवं होतं. रोज पाहुण्यांना तेच शिकवतो मी, माथा ओलांडण्याआधी उतरून बघा! आणि मीच..."

"पण काका, तुम्ही इथून चढताच कशाला?"

"आईला आधी झाडं बघायचीत, आणि डॉक्टर म्हणाले, तिच्या डोळ्याला हिसका बसता कामा नये. खिंडीतून आणली तर माथ्यावर गाडी आदळणारच. म्हटलं, इथून हळू आणीन. तीस वर्षं वाळूवर नुसता पळवत आलो रे! हळू कसं चढायचं तेच येत नाही मला."

"मग कुणाला विचारायचं ना!" मुहन्ना म्हणाला.

"कुणाला? मला विचारायला लोक मस्कतहून येतात!"

तेवढ्यात मुअतज़ धापा टाकत वर आला. "काका! गाडी घसरतेय!"

खरंच! माथ्यावरची वाळू पोटाखालून ओघळत होती. गाडीचं तोंड बोटाबोटानं उरलेल्या तीन रोपांकडे झुकत होतं. काका उडी मारून आत बसले, एक बटण दाबलं, मागचा गिअर टाकला आणि जोर दिला. मागची चाकं गर्रकन फिरली, वाळू उडाली आणि गाडी मागे येण्याऐवजी आणखी खाली बसली. वाळूचा एक लोट तिसऱ्या रोपाच्या गळ्यापर्यंत आला.

"काका, पाय काढा!" मुअतज़ ओरडला, आणि आपण काकांवर ओरडलो हे लक्षात येऊन स्वतःच घाबरला.

"मागच्या चाकांना कुलूप घातलंय मी! डिफ लॉक! रुतल्यावर घालतातच!"

"तेच काढा! कुलूप घातलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. मुंगीचालीला प्रत्येक चाक वेगळं धरावं लागतं. पुस्तकात लिहिलंय, या गाडीत दोन्ही एकदम चालत नाहीत!"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. वाळूतल्या राजाला बुटवाला पोरगा शिकवत होता!

"बरं," काका हळूच म्हणाले. "सांग तू."

मग एकच धांदल उडाली! नस्रा आणि मुहन्ना पोटाखालची वाळू हातांनी उपसू लागले. मुअतज़नं टायरची हवा आणखी सोडली, पंधरा पौंडांवरून बारावर. मग सगळ्यांना बाजूला उभं करून तो खिडकीशी गेला.

"कुलूप काढलं? जोराचा लहान गिअर? ब्रेक दाबून मागचा टाका. आता मुंगीचाल. आता पाय उचला."

"आणि ठेवू कुठे?"

"मांडी घालून बसा!"

"गाडी चालवताना मांडी?"

"काका, तुमचा पाय तुमचं ऐकत नाही!" नस्रा म्हणाली.

बिस्मिल्ला म्हणत काकांनी सीटवर मांडी घातली. गाडी थरथरली. कट्-कट्-गर्रर्र! एक चाक जरासं फिरलं, थांबलं. मग दुसरं. वाळू चाकांखाली हळूहळू दाबली जाऊ लागली. काकांचा उजवा पाय खाली यायला लागला.

"पाय वर!" तिघंही ओरडले.

पाय वर गेला. बसलेला उंट उठताना आधी मागून उठतो, तशी गाडी मागून उचलली गेली. वीतभर मागे आली. हातभर आली. पुढची चाकं वाळूवर टेकली आणि गाडी उलटी, अगदी शहाण्यासारखी, टेकडी उतरू लागली.

"अल्हम्दुलिल्ला!" काका खिडकीतून म्हणाले. ते अजून मांडी घालूनच बसले होते!

त्या संध्याकाळी काका स्वतः मौज़ासमोर गेले आणि सगळं सांगितलं. कुणी विचारायच्या आधी. तंबूंवर जाण्यासाठी डोक्यावर ओढणी घेतलेली मौज़ा दारातच बसली. "भाऊजी, तुम्ही? आणि मी त्या पोरांना चोर ठरवून निघाले होते!" मग तिचं लक्ष मुहन्नाच्या केसांतल्या वाळूकडे गेलं, आणि पुढचा अर्धा तास बोलणी कुणाकुणाला बसली ते सांगायला नको. रोपांपाशी झोपल्याबद्दल एकाला, त्याला तिथे ठेवल्याबद्दल दुसरीला.

गुरुवारी सकाळी अख्खी वस्ती तोंडात बोट घालून बघत होती. खल्फान खिंड सोडून भलतीकडूनच चढत होता, आणि तेही इतका सावकाश! माथ्यावर नस्रा लाल शाल धरून उभी होती. रोपांपासून लांबची वाट तिनंच आखली होती. मुअतज़ गाडीच्या बाजूनं चालत होता, अनवाणी!

गाडीतून हबूबाचा आवाज आला, "खल्फान, गाडी बंद पडली का रे?"

"नाही आई, चालू आहे."

"मग हलत का नाही?"

"हलतेय आई. वर पोहोचलो आपण."

माथ्यापाशी काकांनी गाडी थांबवली. आधी स्वतः उतरून पलीकडे पाहिलं, मग आईला हात दिला. हबूबाच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. तिनं आधी नस्राचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळे भरून पाहिला. मग ती कुशीत उतरली. मोडलेल्या रोपांचं काकांनी तिला इस्पितळातच सांगितलं होतं. गुडघे टेकून तिनं बांधलेल्या रोपाचं मूळ बोटानं चाचपलं. मग चष्मा जरा वर केला आणि शेजारची सुकून कडक झालेली वाळू बघू लागली. तिथे चार बोटांचे ओरखडे होते.

"इथं कुणीतरी काहीतरी पुसलंय," ती म्हणाली. "लहान हात आहे."

नस्राचे कान तापले. हे तर कुणीच सांगितलं नव्हतं!

"मी पुसलं, हबूबा. काकांचं पाऊल होतं. आणि मी खोटं बोलले, सरडा म्हणून."

"कुणाची लाज झाकलीस, ते चांगलं केलंस," हबूबा म्हणाली. "दुसऱ्यांवर आळ यायला लागला तेव्हा हललीस, ते त्याहून चांगलं केलंस. सरड्याची माफी अल्लाकडे माग. तो बिचारा इथं नव्हताच!" मग तिनं मुअतज़ला जवळ ओढलं. "आणि या पुस्तकवाल्यानं मला फुलासारखी वर आणली. तुझे बूट कुठे रे?"

"गाडीत, हबूबा. रिकामे!"

सगळे हसले. काका मात्र मान खाली घालून उभे होते. हबूबा त्यांच्याकडे वळली.

"खल्फान, चाळीस दिवस या झाडांना पाणी तू घालायचं. पायी. बिस्मिल्ला म्हणून."

"घालीन आई."

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी हबूबा नस्राला घेऊन टेकडीवर आली. उन्हामुळे वाळूवर सगळं लख्ख दिसत होतं. हबूबाला आता स्वतःला दिसत होतं, तरी तिनं पहिल्यासारखंच विचारलं, "इथं काय लिहिलंय? वाच."

माथ्यावर अनवाणी पावलांच्या दोन रांगा होत्या.

"डावा पाय बाहेर वळलेला. जाताना पावलं खोल, येताना उथळ. कॅन भरून नेला, रिकामा आणला."

"आणि?"

नस्रानं वाकून पाहिलं. रुंद चाकोऱ्या खाली, टेकडीच्या पायथ्याशीच थांबल्या होत्या. मोडलेल्या दोन रोपांपैकी एक गेलं ते गेलंच. दुसऱ्याला, रुमालाच्या किनारीच्या जरा खाली, मोहरीएवढं हिरवं काहीतरी फुटलं होतं. त्याच्यापाशी वाळूत दोन गोल खळगे उमटले होते.

"आणि इथं काका गुडघे टेकून बसलेत, हबूबा," ती म्हणाली. "बराच वेळ."